हेड खोलण्याआधी पाण्याचा माग काढा

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: त्यांच्याकडे वडिलांच्या वेळचा, २० वर्षांहून जुना, एअर ब्रेकचा डिझेल ट्रक आहे. सपाट रस्त्यावर गाडी छान चालते, पण माल भरून चढ लागला की तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकतो. ते रोज सकाळी रेडिएटर तोंडापर्यंत भरून निघतात आणि संध्याकाळपर्यंत लिटर-दोन लिटर पाणी कमी झालेलं असतं. उभ्या गाडीखाली मात्र कधीच ओल नसते. रेडिएटर नवा टाकून झाला. एका मेकॅनिकने थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप, काढून टाकला. फरक पडला नाही. आता वडिलांपासून गाडी सांभाळणारे मिस्त्री म्हणतात, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) उडालं, हेड खोलावं लागेल. भाऊ म्हणतो, गळती बंद करायची पावडर टाक आणि गाडी विकून मोकळा हो. वाचक विचारतात: जुन्या गाडीचं हे असंच चालायचं का? हेड खोलू की विकू? आणि मिस्त्रींच्या निदानावर शंका घेतली तर ते दुखावतील का?

हेड खोलायचं की गाडी विकायची, असं तुम्ही विचारता. या दोन्हींच्या मुळाशी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे गॅस्केट गेलंय. तुमच्या पत्रात मला त्याचा पुरावा सापडला नाही. गेलं नसेलच असं मी म्हणत नाही. पण चढावर तापणं, पाणी कमी होणं आणि बुडबुडे येणं ही तीन लक्षणं आहेत आणि तिन्हींची कारणं वेगवेगळी असू शकतात. आजवरचा खर्च तापण्यावर झाला. पाणी नक्की कुठे जातं, हे कुणी शोधलेलं दिसत नाही.

आणि 'जुनी गाडी आहे, चालायचंच' हे मनातून काढून टाका. पाण्याची ही सगळी व्यवस्था बंदिस्त असते. सगळं धड असेल तर जुन्या इंजिनातही महिनोन्महिने पाणी घालावं लागत नाही. वयाने रबर कडक होतं, स्प्रिंग ढिली पडते, पत्रा गंजतो. पण यातली प्रत्येक गोष्ट शोधून काढता येते आणि बहुतेक गोष्टी हेडला हात न लावता बदलता येतात.

तुमच्या सकाळच्या सवयीपासून सुरुवात करू. थंड इंजिनात तुम्ही तोंडापर्यंत पाणी भरता. २० अंशांचं पाणी ९० अंशांवर गेलं की साडेतीन टक्क्यांच्या आसपास फुगतं. इंजिन आणि रेडिएटर मिळून २० लिटर पाणी धरलं तर जवळपास पाऊण लिटर जादा होतं, कूलंट मिसळलेलं असेल तर आणखी थोडं. बऱ्याच जुन्या गाड्यांना पाणी परत खेचून घेणारी बाटली नसते, झाकणाजवळची नळी सरळ जमिनीकडे सोडलेली असते. मग हे जादा पाणी रस्त्यावर सांडणारच. संध्याकाळी तेवढं कमी दिसतं, सकाळी तुम्ही पुन्हा भरता आणि दुसऱ्या दिवशी तेच होतं. याला गळती म्हणत नाहीत. एक दिवस तोंडापासून दोन-तीन बोटं कमीच भरा, मात्र रेडिएटरच्या आतल्या नळ्यांची तोंडं बुडलेली हवीत. पाण्याची पातळी कुठे आहे ती खूण करून ठेवा, गाडी हलकी असताना फिरवून आणा आणि पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा पाहा. पातळी तिथेच असेल तर रोजच्या लिटर-दोन लिटरमधला निदान काही भाग तुम्हीच भरत होता आणि गाडी सांडत होती.

पातळी तरीही उतरली तर माझा पुढचा संशय झाकणावर आहे. नवा रेडिएटर बसवताना जुनंच झाकण पुन्हा लावलं होतं का, आठवून पाहा. रेडिएटरचं झाकण हा नुसता बूच नसतो. त्यात दोन झडपा असतात. मोठी झडप स्प्रिंगच्या जोरावर आतला दाब धरून ठेवते आणि मधली छोटी झडप इंजिन निवताना आत खेच बसली की उघडते. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, पण त्यावर एक बार जादा दाब असला तर ते सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग मेली की हा आधार जातो. मग भरलेली गाडी चढावर जोर लावत असताना इंजिनाच्या सगळ्यात गरम भागात पाणी उकळतं, वाफ होते आणि ती पुढचं पाणी नळीवाटे बाहेर ढकलते. सपाटीवर यातलं काहीच घडत नाही. उभ्या गाडीखाली ओलही दिसत नाही, कारण पाणी मागेच रस्त्यावर पडलेलं असतं. तुमच्या वर्णनाशी हे इतकं जुळतं, की झाकण न तपासता हेड खोलणं मला अजिबात पटत नाही. नवं झाकण घ्याल तेव्हा त्यावरचा दाबाचा आकडा तुमच्या गाडीला सांगितलेलाच असू द्या. जास्त दाबाचं झाकण लावलं तर जुने होज, म्हणजे पाण्याच्या रबरी नळ्या, फुटतात. आणि गाडी निवल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसला तर समजा, छोटी झडप अडकली आहे.

पाणी याच वाटेने जातं का, हे पाहायला एक साधी युक्ती आहे. जमिनीकडे जाणाऱ्या त्या नळीचं तोंड एका पारदर्शक बाटलीत सोडा. बाटलीच्या गळ्याशी हवेसाठी भोक ठेवा आणि ती पंखा, बेल्ट आणि सायलेन्सरच्या पाइपपासून लांब घट्ट बांधा. चढ चढून आल्यावर बाटली भरलेली असेल तर पाणी झाकणावाटेच गेलं. बाटली कोरडी आणि रेडिएटरची पातळी खाली, असं असेल तर वाट दुसरी आहे.

ती दुसरी वाट प्रेशर पंपाने सापडते. हा हातपंप असतो, त्यावर दाब दाखवणारा काटा असतो. रात्रभर उभ्या राहिलेल्या थंड गाडीला सकाळी झाकणाच्या जागी तो बसवायचा, झाकणावरच्या आकड्याइतकाच दाब द्यायचा, वर जायचं नाही, आणि पंधरा मिनिटं काट्यावर नजर ठेवायची. काटा उतरायला लागला की टॉर्च घ्या. होजची टोकं आणि क्लिपांच्या खालची जागा पाहा. वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. पंपाचं सील गेलं की थेंब तिथूनच येतो, म्हणून ते भोक कधीही बुजवू नका. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल टोप्या ठोकलेल्या असतात, त्या आतून गंजतात. गिअरबॉक्सकडच्या बाजूला असलेली टोपी तर सहजी दिसतच नाही. केबिनमध्ये हीटर असेल तर पायाखालची मॅट उचलून पाहा. काचेला आतून चिकट वाफ धरत असेल किंवा केबिनमध्ये गोडसर वास येत असेल तर हीटरची जाळी फुटली आहे.

गळती बाहेर असूनही ओल का दिसत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा उष्णतेत असतं. गरम इंजिनावर पडलेला थेंब तिथेच वाळतो आणि मागे पांढरट किंवा कूलंटच्या रंगाची खपली राहते. पाणी खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे फेकलं जातं, त्यामुळे खपलीचं सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं टोक शोधा. गळती त्याच्या जवळ असते. काही गळत्या याच्या उलट फक्त थंडपणी होतात, कारण निवल्यावर होज आणि क्लिप आकसतात. म्हणून सेल्फ मारायच्या आधीची सकाळची ती पंधरा मिनिटं फार मोलाची आहेत.

आता तापण्याकडे येतो. गाडी खरंच तापते की काटाच खोटं बोलतो, हे आधी पक्कं करा. इंजिन चालू असताना हेडलाइट लावा. काटा उडी मारत असेल तर अर्थिंग खराब आहे. लांबून तापमान मोजणारं यंत्र मिळालं तर थर्मोस्टॅटच्या घरावर मोजा. चकचकीत धातूवर ते चुकीचं दाखवतं, म्हणून तिथे काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर मोजा.

कधी तापते, यावरून अर्धं निदान होतं. उभ्या गाडीत किंवा रांगेत हळू चालताना तापत असेल तर हवा कमी पडते, म्हणजे पंखा, बेल्ट, पंख्याभोवतीचं कवच. वेगात किंवा लोडमध्ये तापत असेल तर बहुतेक वेळा पाणी पुरेसं फिरत नाही किंवा जाळीतून उष्णता निघत नाही. तुमची गाडी दुसऱ्या प्रकारातली आहे, आणि इथे मला त्या काढून टाकलेल्या थर्मोस्टॅटबद्दल बोलायलाच हवं. 'थर्मोस्टॅट काढला की गाडी थंड राहते' हा समज फार पसरलेला आहे आणि त्याने बरीच इंजिनं खराब केली आहेत. कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅटला खालून दुसरी चकती असते. इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आत फिरावं म्हणून एक बायपास असतो, आणि इंजिन तापलं की ही चकती तो बायपास बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायमचा उघडा राहतो, गरम पाण्याचा मोठा भाग रेडिएटरला न शिवता परत इंजिनात येतो. सपाटीला हे निभावतं, भरल्या गाडीने चढावर निभावत नाही. शिवाय एरवी इंजिन हव्या त्या तापमानाला पोचतच नाही, त्यामुळे डिझेल जास्त लागतं आणि झीज वाढते. तुमच्या इंजिनाला सांगितलेल्या अंशांचा थर्मोस्टॅट परत बसवा. बसवण्याआधी भांड्यातल्या पाण्यात टांगून तापवा आणि लिहिलेल्या अंशांना तो उघडतो का, ते डोळ्यांनी पाहा. नंतर पाणी भरताना आतली हवा पूर्ण काढा. हवेचा एक फुगा अडकला तरी गाडी पुन्हा तापेल आणि बिचाऱ्या नव्या भागाला दोष लागेल.

खालचा होजही पाहा. वॉटर पंप पाणी त्यातून खेचतो. होज मऊ पडला असेल किंवा आतली तारेची स्प्रिंग गंजून गेली असेल तर रेस वाढवली की तो आत ओढला जातो आणि पाणी तुटतं. उभ्या गाडीत कुणाला तरी रेस द्यायला सांगा आणि तुम्ही हात, कपडे पंख्यापासून लांब ठेवून नुसतं बघा. रेडिएटर नवा असला तरी त्याच्यापुढे इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) असेल तर त्या दोघांमधली फट तपासा. धूळ आणि तेल मिळून तिथे गोधडीसारखा थर बसतो, तो बाहेरून दिसत नाही. पाण्याची धार कमी जोराची ठेवून इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला धुवा. जोराच्या धारेने जाळीच्या पात्या वाकतात.

मिस्त्रींच्या बुडबुड्यांचं काय? ते खोटं बोलत नाहीत, बुडबुडे आलेच असतील. पण तुमच्या गाडीला एअर ब्रेक आहेत, म्हणजे हवेचा कॉम्प्रेसर आहे, आणि बऱ्याच ट्रकमध्ये तो इंजिनाच्याच पाण्याने थंड होतो. कॉम्प्रेसरच्या हेडचं छोटं गॅस्केट गेलं तर तो दाबाची हवा थेट पाण्यात सोडतो. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, पाणी बाहेर फेकलं जातं, आणि सगळ्यांचं बोट इंजिनाच्या हेडकडे जातं. आधी हवेच्या टाक्यांचे ड्रेन उघडून बघा. नुसती ओल तिथे येतच असते, पण रंगीत किंवा गोडसर वासाचं पाणी आलं तर चोर सापडला. मग थंड गाडीत कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या पाण्याच्या दोन नळ्या काढून एकमेकींना जोडा आणि इंजिन काही मिनिटंच चालवा. ते करताना कॉम्प्रेसरवर हवेचा भार राहू नये म्हणून टाक्यांचे ड्रेन उघडे ठेवा, आणि गाडी चाकांना अडण्या लावून जागेवरच ठेवा. बुडबुडे थांबले तर हेडला हात लावायची गरज नाही.

थांबले नाहीत तर गॅसची चाचणी करून घ्या. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरतात आणि वरची हवा त्यातून खेचतात. जळलेला वायू पाण्यात येत असेल तर रंग बदलतो, पेट्रोलच्या इंजिनात पिवळा आणि डिझेलमध्ये हिरवट. द्रवात पाणी खेचलं जाऊ नये म्हणून पातळी आधी थोडी खाली घ्या. आणखी एक खूण हातानेच कळते. थंड इंजिन चालू केल्यावर एक-दोन मिनिटांत, पाणी कोमटही झालेलं नसताना, वरचा होज दगडासारखा कडक झाला तर तो दाब उष्णतेचा नाही, सिलिंडरचा आहे. असं दिसलं तर मिस्त्रींचं निदान मी मान्य करेन.

तेलही बघून घ्या. तेल भरायच्या झाकणाखाली थोडी पांढरी साय दिसली म्हणून घाबरू नका, गाडी थोड्या थोड्या अंतरासाठीच चालवली तर दमटपणानेही ती धरते. खरी परीक्षा चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या, बोल्टची. रात्रभर उभ्या गाडीचा चेंबरचा बोल्ट सकाळी अगदी किंचित सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला बसलेलं असतं, म्हणून असलंच तर तेलाच्या आधी पाणी टपकेल. तसं झालं तर गाडी चालवू नका, ओढून न्या. मात्र तेव्हाही कारण गॅस्केटच असेल असं नाही. लायनरच्या (ज्यात पिस्टन फिरतो त्या नळकांड्याच्या) खालच्या ओ-रिंगा, म्हणजे रबरी कड्या, असू शकतात, ऑइल कूलर असू शकतो, किंवा वर्षानुवर्षं साधं पाणी वापरल्याने लायनरला बाहेरून पडलेली बारीक छिद्रं असू शकतात. डिझेल इंजिनाचा लायनर थरथरतो, त्याच्या भोवतीच्या पाण्यात सूक्ष्म बुडबुडे होऊन फुटतात आणि धातू टोकरतात. यासाठीच योग्य कूलंट लागतं. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर हे प्रमाण बहुतेक ठिकाणी चालतं. रंग बघून घेऊ नका, वेगवेगळ्या प्रकारांचा रंग एकच असू शकतो. आणि काढलेलं कूलंट उघडं ठेवू नका. बहुतेक कूलंटमधलं ग्लायकॉल गोड असतं आणि विषारी असतं, कुत्र्या-मांजरांचा त्याने जीव जातो.

मिस्त्री दुखावतील, ही तुमची काळजी मला समजते. इतक्या वर्षांचा माणूस जपायलाच हवा. पण त्यांना 'तुम्ही चुकलात' असं म्हणायची गरजच नाही. 'हेड खोलायच्या आधी प्रेशर लावून आणि कॉम्प्रेसर बाजूला काढून एकदा बघूया का? मी थांबतो, तुमच्या वेळेचे पैसे देतो' असं विचारा. वेळेचे पैसे हा भाग विसरू नका. तपासणीची मजुरी कुणी देत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी तपासण्याऐवजी भाग बदलले जातात. जाणकार मिस्त्री या प्रश्नावर रागावत नाही.

भावाचं म्हणणं मात्र मला मान्य नाही. ती पावडर गळती ओळखून तिथेच बसत नाही. ती हीटरच्या, रेडिएटरच्या, ऑइल कूलरच्या बारीक नळ्यांतही बसते, आणि पुढे कुणालाही खरं निदान करणं अवघड करून ठेवते. शिवाय ती टाकून गाडी विकायची म्हणजे चढावर बंद पडू शकणारी भरलेली गाडी न सांगता दुसऱ्याच्या हाती द्यायची. त्या गाडीच्या मागे इतर माणसंही असतात. हे करू नका.

निदान होईपर्यंत चालवावीच लागली तर माल कमी भरा. काटा चढायला लागला की खालचा गिअर घ्या, एसी असेल तर बंद करा, हीटर पूर्ण चालू करा. तरी उतरला नाही तर बाजूला थांबा. पाणी शाबूत असेल तर न्यूट्रलमध्ये थोडी रेस ठेवून काही मिनिटं चालू द्या. पाणी गेलं असेल तर लगेच बंद करा. चढलेला काटा अचानक खाली आला तर सुटलो असं समजू नका. पाणी सेन्सरच्या खाली गेलं की तो हवेतलं तापमान दाखवतो, आणि इंजिन त्याच वेळी भाजत असतं. वरचा होज हाताने सहज दाबता येईपर्यंत झाकण उघडू नका, अर्धा तास तरी लागतोच. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

शेवटी हेड खोलायचंच ठरलं तर नुसतं गॅस्केट बदलून बसवू देऊ नका. हेड पट्टी ठेवून तपासा, वाकलं असेल तर फेसिंग करा, म्हणजे घासून सपाट करून घ्या, तडा आहे का हे पाण्याच्या दाबाने बघून घ्या, लायनर ब्लॉकच्या वर किती उचललेले आहेत ते मोजा. काही डिझेल इंजिनांची गॅस्केटं वेगवेगळ्या जाडीची असतात, जुन्यावरच्या खाचा किंवा भोकं पाहून तीच जाडी घ्या. एवढं करून ब्लॉकलाच तडा निघाला तर मात्र विकण्याचा विचार रास्त आहे. तेव्हा घेणाऱ्याला काय सापडलं ते स्पष्ट सांगा आणि शक्य झाल्यास लिहून द्या, किंमत त्याप्रमाणे ठरेल. पण झाकण, थर्मोस्टॅट, खालचा होज आणि कॉम्प्रेसर या चार गोष्टी बघून होईपर्यंत हेडचा एकही बोल्ट सैल करू देऊ नका.